कोळंबीच्या सालीपासून कायटोसानचे नॅनोकण

कोळंबी सोलली की वजनाचा साधारण ४० ते ५० टक्के भाग डोकी आणि सालींत जातो. मिरकरवाडा, हर्णे, साखरीनाटे, देवगड, मालवण, कोकणातल्या कुठल्याही बंदरावर हा माल सहज मिळतो. सालीत कायटिन असते आणि कायटिनपासून कायटोसान तयार होते. जखमेवरच्या पट्ट्या, औषध वाहून नेणारे कण, पेशी वाढवण्याचे सच्छिद्र साचे यांसाठी हा पॉलिमर वापरतात. रक्तस्राव थांबवणाऱ्या कायटोसानच्या पट्टीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्येच परवानगी दिली होती.

इथे दिलेली कृती रसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा फार्मसीच्या पदव्युत्तर प्रयोगशाळेसाठी आहे. नॅनोकण बनवण्याची पायरी स्वतः तासाभराची आहे. ती फसली की सगळे त्या तासातच चूक शोधत बसतात. कारण मात्र बहुतेक वेळा आधीच पडून गेलेले असते: साल कुठली घेतली, कशी वाळवली, शेवटचे धुणे कोणत्या पाण्याने केले, वजन करताना ओलावा धरला की नाही. म्हणून या लेखाचा मोठा भाग कणांच्या आधीच्या कामाचा आहे.

साल निवडणे आणि साठवणे

एका घाण्याला एकाच जातीची साल घ्या. समुद्रातली बारीक कोळंबी आणि शेततळ्यातली व्हेनामी एकत्र केली तर सालीची जाडी वेगळी, चुन्याचे प्रमाण वेगळे, आणि शेवटी पॉलिमरच्या साखळ्यांची लांबीही वेगळी येते. जवळा घेऊ नका. तो अख्खाच वाळतो, त्यात पोटातला मालही येतो आणि प्रथिने काढता काढता नाकी नऊ येतात.

डोकी बाजूला काढा, फक्त धडाची साल आणि शेपटी ठेवा. डोक्यातल्या पाचक ग्रंथीत चरबी असते, साल खराब करणारी विकरे असतात आणि कॅडमियमसारखे जड धातूही तिथेच साठतात. खाद्यासाठी ते एकवेळ चालेल, शरीराशी संबंध येणाऱ्या मालात नको.

साल सोलल्याच दिवशी, बर्फात ठेवून आणा. काळे डाग पडलेली साल वापरली तर कायटोसान तपकिरी येते आणि तो रंग पुढे जात नाही. प्रक्रिया कारखान्यातून साल घेत असाल तर दोन गोष्टी विचारा: डाग पडू नयेत म्हणून मेटाबायसल्फाइट मारले आहे का, आणि कोळंबी फॉस्फेटच्या पाण्यात भिजवली होती का. दोन्ही भरपूर धुण्याने निघतात, पण धुवायचे आहेत हे माहीत हवे.

गोड्या पाण्याने तीनचार वेळा धुवा, चिकटलेले मांस हाताने काढा आणि ६० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वाळवा. उन्हात वाळवायचे तर जमिनीपासून वर, ताणून बांधलेल्या जाळीवर. वाळूत किंवा खळ्यात पसरलेल्या सालीला रेती चिकटते. ती आम्लात विरघळत नाही, कॉस्टिक सोड्यातही नीट जात नाही आणि शेवटी राखेच्या आकड्यात दिसते. १ किलो ओल्या सालीची पाव किलोच्या आसपास सुकी साल होते. ती १ ते २ मिमी तुकड्यांइतकी दळा. पीठ करू नका, ते आम्लात फसफसून उतू जाते आणि गाळताना कापड तुंबवते.

जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि हवेत पाणी भरलेले असते. पावसाळ्यात काम चालू ठेवायचे असेल तर आगोटीच्या इतर साठवणीबरोबर वर्षभराची सालही मे महिन्यातच वाळवून, दुहेरी पिशवीत सिलिका जेलसह बंद करून ठेवा. सगळी साल एकत्र मिसळून मग पिशव्या भरा, म्हणजे पुढचे सगळे घाणे एकाच मालाचे होतील.

चुना काढणे

सुक्या सालीत साधारण ३० ते ५० टक्के कॅल्शियम कार्बोनेट असते. हिशोब ४० टक्क्यांनी करू. १०० ग्रॅम सालीत ४० ग्रॅम, म्हणजे ०.४ मोल चुना. त्याला ०.८ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल लागते. १ नॉर्मल आम्लाचे १ लिटर म्हणजे १ मोल, म्हणून ते पुरते, पण शिल्लक फार नाही. सरळ दोनदा करा: पहिल्यांदा १ लिटर, २ तास, गाळून, पुन्हा ताजे अर्धा लिटर, १ तास. सगळे खोलीच्या तापमानाला. १ लिटर १ नॉर्मल आम्लासाठी तीव्र आम्ल साधारण ८५ मिलि लागते. आम्ल पाण्यात घाला, पाणी आम्लात नाही.

या १०० ग्रॅमातून जवळपास १० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. १ लिटरच्या बीकरमध्ये केले तर फेस टेबलावर येणार. ५ लिटरची बादली घ्या आणि साल मुठीमुठीने टाका. आम्ल गरम करू नका, रात्रभर ठेवू नका. गरम आम्ल चुन्याबरोबर कायटिनची साखळीही तोडते, आणि तुटलेली साखळी नंतर जोडता येत नाही.

काम झाले की नाही पाहायला तुकड्यावर ताज्या आम्लाचा थेंब टाका, बुडबुडा येता कामा नये. खरा निकाल मफल भट्टीतला: ६०० अंशाला जाळून राख १ टक्क्याच्या खाली हवी. साल आता मऊ, पातळ कागदासारखी लागते. पाणी तटस्थ होईपर्यंत धुवा.

प्रथिने काढणे

१ नॉर्मल कॉस्टिक सोडा (४० ग्रॅम प्रति लिटर), १०० ग्रॅम मूळ सालीला १ लिटर, ७० ते ८० अंशाला २ तास, अधूनमधून ढवळत. द्रावण तांबूस-तपकिरी होते. गाळा, ताजे कॉस्टिक घाला, पुन्हा १ तास. शेवटच्या द्रावणाला प्रथिने दाखवणाऱ्या बाययुरेट चाचणीत जांभळा रंग आला नाही की थांबा.

या पायरीत घाई नको. कोळंबीच्या ॲलर्जीचे मुख्य कारण असलेले ट्रोपोमायोसिन हे प्रथिन उष्णतेला टिकते. ते मागे राहिले तर पुढचे सगळे काम ॲलर्जी असलेल्या माणसासाठी धोक्याचे. औषधी दर्जाच्या कायटोसानमध्ये प्रथिने ०.२ टक्क्यांच्या आत असावीत असे धरून चाला.

गुलाबी रंग अस्टाझँथिनचा असतो. तो ॲसिटोनमध्ये किंवा इथेनॉलमध्ये तासभर ढवळून काढा. कपड्यांच्या ब्लीचने पांढरेशुभ्र दिसते खरे, पण हायपोक्लोराइट साखळी कापते. आणि ब्लीच कधीही आम्लाच्या उरलेल्या पाण्याशी मिसळू नका, क्लोरिन वायू सुटतो. किंचित पिवळसर कायटिन चांगले, पांढरे पण तुटके नको. १०० ग्रॅम सुक्या सालीतून २० ते २५ ग्रॅम कायटिन हातात येते.

कायटिनचे कायटोसान

कायटिनच्या साखळीवरचे ॲसिटिल गट काढले की कायटोसान होते. त्यासाठी ५० टक्के कॉस्टिक लागते: ५० ग्रॅम पाण्यात ५० ग्रॅम सोडा, हळूहळू, भांडे थंड पाण्यात ठेवून. द्रावण स्वतःच उकळीला येण्याइतके तापते. २० ग्रॅम कायटिनला असे ३०० ते ४०० ग्रॅम द्रावण, १०० अंशाला २ तास. भांडे स्टेनलेस स्टीलचे घ्या. काचेला गरम कॉस्टिक खाते. ॲल्युमिनियमचे पातेले तर अजिबात नको, त्यातून हायड्रोजन सुटतो आणि भांड्याला भोक पडते. संपूर्ण चेहऱ्याची ढाल, लांब हातमोजे, रबरी एप्रन आणि शेजारी पाण्याचा चालू नळ, याशिवाय सुरुवात करू नका. कॉस्टिक डोळ्यात गेले तर आम्लापेक्षाही खोल जखम करते.

शक्य असेल तर वरून नायट्रोजन सोडा. गरम कॉस्टिकमध्ये हवेतला ऑक्सिजन साखळी तोडतो. २ तासांनी धुऊन, वाळवून, ताज्या कॉस्टिकमध्ये आणखी १ तास ठेवले तर ॲसिटिल गट जास्त निघतात. सलग ५ तास उकळण्यापेक्षा असे दोन हप्ते चांगले, कारण पुढे पुढे तुटणे वाढते आणि ॲसिटिल निघणे मंदावते.

आम्ल आणि कॉस्टिकचे धुण्याचे पाणी वेगवेगळ्या पिंपांत साठवा आणि एकमेकांत हळूहळू मिसळून पीएच ७ च्या आसपास आणा. प्रथिनांचे पाणी पीएच ४.५ च्या जवळ आणले की साका खाली बसतो, तो वेगळा काढा. यातला एक थेंबही तटस्थ न करता पऱ्ह्यात किंवा खाडीत जाऊ देऊ नका.

शेवटचे धुणे, शेवटचे गाळणे

या टप्प्याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होते. गरम ५० टक्के कॉस्टिकमधून बाहेर पडलेल्या कायटोसानवर जिवाणूंचे विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, जवळपास उरलेले नसते. ते नंतर आपणच घालतो: प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये चार दिवस पडून राहिलेल्या डिस्टिल्ड पाण्यातून, रात्रभर ओल्या ठेवलेल्या गोळ्यातून. कोकणातल्या दमट उकाड्यात ओले कायटोसान एका रात्रीत जिवाणूंना पुरेसे आहे. जिवाणू मेले तरी विष राहते, आणि ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून ते पार जाते.

म्हणून सुरुवातीचे धुणे नळाच्या पाण्याने चालेल, पण कॉस्टिकनंतरचे सगळे धुणे त्याच दिवशी काढलेल्या डिस्टिल्ड पाण्याने करा. जांभ्याच्या विहिरीचे पाणी दिसायला स्वच्छ असले तरी त्यात लोह असू शकते. किनाऱ्याजवळच्या बोअरमध्ये खारे पाणी शिरलेले असते. आयन धरून ठेवणे हा कायटोसानचा गुणच आहे. लोह एकदा धरले की सोडत नाही.

शुद्धीकरण असे करा. १० ग्रॅम कायटोसान १ लिटर १ टक्का ॲसिटिक आम्लात रात्रभर ढवळा. आधी मलमलीतून, मग सच्छिद्र काचेच्या गाळणीतून गाळा. न विरघळलेला चोथा म्हणजे अर्धवट राहिलेले कायटिन. तो ५ टक्क्यांहून जास्त असेल तर आधीची पायरी पुन्हा करा. गाळलेल्या द्रावणात १ नॉर्मल कॉस्टिक थेंबाथेंबाने घालून पीएच ८.५ ते ९ करा. पांढरा, लोण्यासारखा साका पडतो. तो पाणी तटस्थ होईपर्यंत धुवा आणि लगेच गोठवून निर्वातात वाळवा. ओव्हनमध्ये वाळवले तर त्याचे शिंगासारखे कडक तुकडे होतात आणि पुन्हा विरघळायला दोन दिवस घेतात. काचेची भांडी आधी २५० अंशाला ३० मिनिटे भाजून घ्या, त्याने एंडोटॉक्सिन नष्ट होते. ऑटोक्लेव्हने ते जात नाही.

दोन आकडे काढल्याशिवाय पुढे जाऊ नका

पहिला आकडा ॲसिटिल किती निघाले याचा. ०.२०० ग्रॅम सुके कायटोसान ३० मिलि ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा आणि ०.१ मोलर कॉस्टिकने, पीएच मीटर लावून, टायट्रेट करा. आलेखात दोन उड्या दिसतात. त्यांच्यामधले कॉस्टिक म्हणजे अमाइन गट, ॲसिटिल निघाले की मोकळे होणारे. सूत्र: टक्केवारी = १०० × २०३.२ × न ÷ (म + ४२ × न). न म्हणजे अमाइनचे मोल, म म्हणजे ग्रॅममधले सुके वजन. दोन उड्यांत १० मिलि अंतर आले तर न = ०.००१, आणि उत्तर ८४ टक्के.

आता ओलाव्याची गंमत नाही, गोंधळ पाहा. कायटोसान हवेतले पाणी ओढते आणि पावसाळ्यात १० टक्के ओलावा अगदी सहज चढतो. तेच ०.२०० ग्रॅम ओले घेतले तर खरे कायटोसान ०.१८० ग्रॅम, आणि सूत्र ८४ ऐवजी ७७ टक्के दाखवते. माल तोच, आकडा चुकीचा. म्हणून दर वेळी वेगळा नमुना १०५ अंशाला स्थिर वजन होईपर्यंत वाळवून ओलावा काढा आणि वजन त्यानुसार दुरुस्त करा. जो नमुना वापरायचा आहे तो मात्र १०५ अंशाला तापवू नका. कणांसाठी ८० ते ९० टक्के ठीक.

दुसरा आकडा रेणूभाराचा. ०.१ मोलर ॲसिटिक आम्ल आणि ०.२ मोलर मिठाच्या द्रावणात, २५ अंशाला, उबेलोडे व्हिस्कोमीटरने चारपाच सांद्रतांना प्रवाहाचा वेळ मोजा आणि अंगभूत स्निग्धता काढा. स्निग्धतेवरून रेणूभार देणाऱ्या मार्क-हौविंक समीकरणात या द्रावकासाठी क = ०.००१८१ मिलि प्रति ग्रॅम आणि घातांक ०.९३ वापरतात. स्निग्धता २०० मिलि प्रति ग्रॅम आली तर रेणूभार साधारण २ लाख ६५ हजार. लहान, एकसारख्या कणांसाठी ५० हजार ते दीड लाख सोयीचा.

जास्त आला तर सोडियम नायट्राइटने कापता येतो. आम्लातल्या द्रावणात १ ग्रॅम कायटोसानला १ मिग्रॅच्या आसपास नायट्राइटपासून सुरुवात करा, काही तास ढवळा आणि पुन्हा स्निग्धता मोजा. कापलेल्या टोकाला अल्डिहाइड राहतो आणि तो पुढे शेजारच्या अमाइनशी जोडला जाऊन माल पिवळा करतो. तो सोडियम बोरोहायड्राइडने बंद करून, साका पाडून, धुऊन घ्या.

नॅनोकण

आम्लात कायटोसानच्या अमाइन गटांवर धन भार येतो. सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटवर ऋण भार असतो. दोन्ही भेटले की साखळ्या एकमेकींत बांधल्या जातात. ही आयनी पद्धत स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेला विद्यापीठातल्या गटाने १९९७ मध्ये मांडली. हिच्यात सेंद्रिय द्रावक लागत नाही, उष्णता लागत नाही, म्हणून प्रथिनांसारख्या नाजूक औषधांना ती मानवते.

कायटोसान: १०० मिग्रॅ सुके वजन, १०० मिलि पाणी, १७५ मिग्रॅ ग्लेशियल ॲसिटिक आम्ल (साधारण ०.१७ मिलि). रात्रभर ढवळा, सौम्य कॉस्टिकने पीएच ४.८ करा, ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा. ट्रायपॉलिफॉस्फेट: १ मिग्रॅ प्रति मिलि, त्याच दिवशी केलेले, ०.२२ मायक्रॉनमधून गाळलेले. जुन्या द्रावणात तो तुटून लहान फॉस्फेट होतात आणि ते बांधत नाहीत. कोळंबी कारखान्यातला खाद्य दर्जाचा फॉस्फेट इथे आणू नका, त्यात इतर फॉस्फेटांची भेसळ असते.

आधी प्रमाण शोधा. २५ मिलिच्या पाच बीकरमध्ये १०-१० मिलि कायटोसान घ्या. मॅग्नेटिक स्टरर ७०० फेऱ्यांवर, भोवरा हवा पण हवा ओढली जाऊ नये. फॉस्फेट अनुक्रमे २, २.५, ३, ३.५ आणि ४ मिलि, सिरिंज पंपाने किंवा ब्युरेटने मिनिटाला अर्धा मिलि या गतीने. नंतर ३० मिनिटे ढवळत ठेवा. बीकरमागे काळा कागद धरून पाहा. स्वच्छ असेल तर कण झालेले नाहीत. निळसर दुधाळ झाक असेल तर हवे ते मिळाले. पांढरे, गढूळ, कणी दिसणारे असेल तर गुठळ्या. बहुतेक वेळा ३ ते ५ भाग कायटोसानला १ भाग फॉस्फेट या वजनी पट्ट्यात ती झाक सापडते, पण तुमच्या मालाचा बिंदू तुम्हालाच शोधावा लागतो, आणि नवा घाणा काढला की पुन्हा.

मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत ३३-३४ अंश तापमान असते. कणांचा आकार तापमानाने बदलतो, म्हणून दोन्ही द्रावणे २५ अंशाच्या जलकुंडात ठेवूनच मिसळा.

आकार मोजताना नमुना त्याच पीएचच्या गाळलेल्या आम्लधर्मी पाण्यात पातळ करा. १५० ते ३०० नॅनोमीटर, विखुरणीचा निर्देशांक (कणांच्या आकारात किती फरक आहे ते सांगणारा) ०.३ च्या खाली, झीटा विभव (कणांवरचा भार दाखवणारे) अधिक २५ ते अधिक ४५ मिलिव्होल्ट, हे चांगले लक्षण. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात हेच कण लहान दिसतात, कारण तिथे ते सुकलेले असतात. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरू नका, दोन्ही लिहा.

सेंट्रिफ्यूज १२,००० जी-बल (गुरुत्वाच्या १२,००० पट), ३० मिनिटे. फेऱ्या आणि जी-बल यांत गल्लत करू नका, रोटरच्या त्रिज्येवरून हिशोब करा. नळीच्या तळाशी आधी १० मायक्रोलिटर ग्लिसरॉल घाला, नाहीतर तळाला घट्ट वडी बसते आणि ती परत सुटी होत नाही. गोठवून वाळवायचे तर ५ टक्के ट्रेहॅलोज मिसळा. वीज जाण्याचा भरवसा नसलेल्या दिवसांत गोठवणी यंत्रावर महत्त्वाचा घाणा चढवू नका. निर्वात मध्येच सुटला की पोकळ वडी वितळून चिकट होते आणि कण एकमेकांना कायमचे चिकटतात. त्यापेक्षा ४ अंशाला द्रावणातच ठेवा आणि दर दोनतीन दिवसांनी आकार पाहा.

कुठे बिघडते

सर्वात जास्त दिसणारी तक्रार: कण छान झाले आणि पेशींच्या माध्यमात टाकताच साका झाला. कायटोसानचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्म्या अमाइनांवर भार असतो तो, साधारण ६.५ आहे. पीएच ७.४ ला अमाइनवरचा धन भार जवळपास जातो, कण एकमेकांना ढकलत नाहीत, वर बफरमधले फॉस्फेट आणि मीठ उरलेला भारही झाकतात. हा पॉलिमरचा स्वभाव आहे, हात चुकलेला नाही. उपाय म्हणजे ट्रायमिथाइल कायटोसान, ज्याचा भार पीएचवर अवलंबून नाही, किंवा असा वापर निवडणे जिथे माध्यम आम्लधर्मी आहे किंवा कण जेलमध्ये अडकवलेले आहेत. आमचे मत स्पष्ट आहे: कोकणातल्या महाविद्यालयात सुरुवात करायची तर जखमेवरचे जेल किंवा पट्टी निवडा. शिरेतून द्यायचे कण हा विषय वेगळा आणि जोखमीचा. धनभारित कण तांबड्या पेशींना चिकटून त्यांच्या गुठळ्या करतात.

एकाच कृतीतून सोमवारी १८० आणि गुरुवारी ३५० नॅनोमीटर आले तर आधी कायटोसानचा ओलावा, मग फॉस्फेट द्रावणाचे वय आणि पीएच, मग ढवळणीच्या दांडीची लांबी तपासा. विखुरणी ०.५ च्या वर असेल तर मूळ द्रावणात न विरघळलेले जेलचे तुकडे आहेत, पुन्हा गाळा.

औषध भरणे

पाण्यात विरघळणारे, ऋण भार असलेले औषध किंवा प्रथिन फॉस्फेटच्या द्रावणात मिसळा आणि तसेच थेंब टाका. सेंट्रिफ्यूजनंतर वरच्या पाण्यात राहिलेले मोजा: घातलेले वजा सुटे, भागिले घातलेले. किती औषध किती कणांत बसले हे काढताना कणांचे वजन प्रत्यक्ष वाळवून घ्या. १० मिग्रॅ कायटोसान घातले म्हणजे १० मिग्रॅ कण झाले, असे होत नाही.

हळदीतले कर्क्युमिन फार जण भरतात आणि ९५ टक्के भरणीचा आकडा सांगतात. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. जे कणांत गेले नाही तेही स्वतःचे स्फटिक होऊन तळाला बसते आणि हिशोबात आत गेलेले म्हणून धरले जाते. आधी मंद गतीने फिरवून स्फटिक काढा आणि मगच कण खाली बसवा. शिवाय कर्क्युमिन स्वतः चमकते आणि पेशी जिवंत आहेत का हे दाखवणाऱ्या एमटीटीसारख्या रंगचाचण्यांत ढवळाढवळ करते, तेव्हा पेशींशिवायचा नियंत्रण नमुना हवाच.

औषध सुटण्याची चाचणी डायलिसिस पिशवीत करताना शेजारी सुटे औषध भरलेली दुसरी पिशवी ठेवा. पिशवीचाच अडथळा किती, ते तिच्यावरून कळते. बाहेरचे द्रावण औषध विरघळायला लागणाऱ्या आकारमानाच्या निदान तिप्पट हवे.

निर्जंतुक करणे आणि चाचण्या

ऑटोक्लेव्हमध्ये कण गुठळतात, गॅमा किरणांनी साखळी तुटते, आणि २०० नॅनोमीटरचे कण ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीत अडकतात. तेव्हा दोन्ही द्रावणे आधी ०.२२ मधून गाळून, लॅमिनार फ्लोमध्ये, भाजलेल्या काचेत कण बनवणे हा खात्रीचा मार्ग.

एंडोटॉक्सिन लिम्युलस (नालखेकड्याच्या रक्तपेशींच्या अर्काच्या) चाचणीने मोजतात. कायटोसान धनभारित, एंडोटॉक्सिन ऋणभारित, त्यामुळे ते धरले जाते आणि चाचणी खोटे शून्य दाखवते. ज्ञात प्रमाणात एंडोटॉक्सिन घालून किती परत दिसते ते पाहा. ५० ते २०० टक्क्यांत आले तरच निकाल ग्राह्य. उपकरणांसाठीची अमेरिकी मर्यादा एका उपकरणाला २० एंडोटॉक्सिन एकके आहे, मेंदू-मज्जारज्जूच्या द्रवाशी संबंध येणार असेल तर २.१५.

पेशींसाठी आयएसओ १०९९३ या वैद्यकीय उपकरणांच्या जैविक चाचण्यांच्या मानक मालिकेचा ५ वा भाग पाहा. उंदराच्या एल-९२९ पेशी, आणि जिवंत पेशी ७० टक्क्यांच्या खाली गेल्या तर माल विषारी धरायचा. शेजारी तीन नियंत्रणे हवीत: औषधाविना कण, कण काढून घेतलेले वरचे पाणी, आणि त्याच पीएचचे नुसते ॲसिटिक आम्ल. पेशी मारणारे किंवा जिवाणू मारणारे पुष्कळदा उरलेले आम्ल असते आणि नाव कणांचे होते. रक्ताशी संबंध येणार असेल तर रक्तपेशी फुटण्याची चाचणी करा: २ टक्क्यांच्या खाली निर्धोक, ५ टक्क्यांच्या वर नापास.

प्राण्यांवरचे काम नोंदणीकृत प्राणिगृहात आणि संस्थेच्या नीतिसमितीच्या मंजुरीनेच. पट्टी वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली येते. तिच्यात औषध भरले की वर्गही बदलतो आणि कागदपत्रेही. नॅनोऔषधांच्या मूल्यमापनासाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, ती प्रयोगाची आखणी करण्याआधी वाचा, नंतर नाही. प्रयोगशाळेत बनवलेले जेल, कितीही स्वच्छ असले तरी, कुणाच्याही जखमेवर लावू नका.

प्रत्येक घाण्याच्या बाटलीवर बंदर, कोळंबीची जात, साल वाळवल्याची तारीख, राख, ॲसिटिल निघाल्याची टक्केवारी, रेणूभार आणि वजन केलेल्या दिवसाचा ओलावा लिहा. त्याच घाण्यातले ५ ग्रॅम हवाबंद करून उणे २० अंशाला राखून ठेवा. सहा महिन्यांनी कण वेगळे यायला लागले तर तुलना त्या ५ ग्रॅमांशी करायची आहे.